किल्लीचे तीन तुकडे

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशीही आमचं वाजलंच. सकाळी वीज जाऊन आली होती. चहाला हात लावण्याआधी त्यांनी मला खिडकीखालचा काळा डबा चालू झाला का ते बघायला पाठवलं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची उमर गेली. सगळं एकाच जागी ठेवलं की एका बिघाडात सगळीकडे अंधार, हे निवृत्तीनंतर त्यांनी इंटरनेटलाही लावलं. आई वारल्यावर तिचे फोटो, मोबाइलवर टिपलेल्या ओव्या त्यांनी कुलूपबंद करून, तुकडे पाडून जगभरच्या अनोळखी संगणकांवर ठेवल्या. बदल्यात त्या लोकांचे तुकडे आमच्या डब्यात; तोही एक छोटा संगणकच. आमचा डबा बंद पडला की तेही आमचे तुकडे टाकून देणार. त्या कुलपाच्या किल्लीचे, म्हणजे पासवर्डचेसुद्धा तीन तुकडे: एक अण्णांना तोंडपाठ, दुसरा पुण्याला माझ्या भावाकडे, हर्षलकडे, तिसरा ब्राझीलच्या एका माणसाकडे. कोणतेही दोन जुळले की उघडतं.

"आईचे फोटो बघायचेत," मी म्हटलं.

"हर्षल येईल तेव्हा बघू."

"आणि तो ब्राझीलवाला? नाव तरी माहितीये का त्याचं?"

"कशाला? माणसावर भरवसा ठेवायला लागू नये, म्हणून तर हे सगळं."

मी कप विसळायला गेले. दुसऱ्या दिवशी ते झोपेतून उठलेच नाहीत. त्यांचा तुकडा त्यांच्याबरोबरच गेला.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड मांडले. कावळे पिंपळावर बसून राहिले.

"पुंजाराम, काय राह्यलं रं बाबा?" कुसाआत्या भावासाठी कळवळली. "लय जीव अडकलाय त्याचा."

हर्षलने हात जोडले. "अण्णा, डबा बंद पडू देणार नाही. ताई चालू ठेवेल."

कावळा हलला नाही.

"सांग ना ताई. ब्राझीलवाल्याला मेल केलाय, त्याचं उत्तर येईपर्यंत तरी."

"तू ने पुण्याला."

"आमच्याकडे कोण असतं दिवसभर? तू काय, घरीच असतेस."

"बोल पोरी," आत्या म्हणाली, "ऊन चढलं."

मी पिंडासमोर गेले.

"अण्णा, घरून निघताना डबा बंद करून आलेय. हर्षल त्याचा तुकडा माझ्या हातात देईल, तेव्हाच चालू होईल. आईला शेवटी भरवलं मी. वीज गेली की धावले मी. तीन तुकडे केलेत, त्यातला एक मला द्यावासा वाटला नाही तुम्हाला. कोणावर विसंबायचं नाही म्हणत तुम्ही रोज माझ्यावरच विसंबलात, अण्णा. आणि एकदाही तसं म्हणाला नाहीत."