चूक निघाली तर काय छापायचं

आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला बंद डबा देते. आत उत्तर असतं, नाहीतर चूक. चूक असली की मधल्या पायऱ्या डबा नुसता पुढे सरकवतात. याला मोनाड म्हणतात. नाव मोठं, काम हमालाचं. शेवटी मात्र तो डबा उघडावाच लागतो, त्याशिवाय प्रोग्राम तपासणारा कंपायलर सोडत नाही.

डबा उघडणारी शेवटची ओळ माझी होती. सीनियर बाईंनी ती वाचली. "आत चूक निघाली तरी तू 'ठीक' छापतोयस? मग हा सगळा खटाटोप कशाला?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"कसा आहेस रे?"

"ठीक."

फोन ठेवला. बाई हळूच म्हणाल्या, "खोड ती ओळ."

मी खोडली. तिच्या जागी काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.