कालिपा एजेंची आकृती

“एजे, ही सगळी माणसं आत का कोंबलीत तुम्ही? बाहेर काढा त्यांना,” आम्हाला संगणक शिकवायला आलेला तिलेक हसत म्हणाला.

नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या कालिपा एजेंनी फळ्यावर मोठी चौकट काढली होती. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला एजे म्हणतात. चौकट म्हणजे आमच्या दवाखान्यात येऊ घातलेली नोंदणीची नवी संगणक व्यवस्था. तिच्या आत काड्यांची माणसं होती. दाराजवळ एजे स्वतः, मध्ये पेशंट आणि दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी, मोठे डॉक्टर. त्यांना एजेंनी उंच पांढरी टोपीसुद्धा घातली होती.

“बाहेर?” एजे खडू धरून तशाच उभ्या राहिल्या. “अरे बेटा, दारात आलेल्या माणसाला बाहेर उभं करतात का? आणि तेही मोठ्या डॉक्टरांना?”

“हे घर नाहीये एजे, यूज केसचं चित्र आहे. माणसं चौकटीच्या बाहेर, आणि त्यांची कामं चौकटीच्या आत, गोळ्यांमध्ये. कोण येतो, काय मागतो, त्याला काय मिळतं, एवढंच दाखवायचं. मग प्रोग्राम लिहिणारे त्यावरून प्रोग्राम लिहितात.”

आम्ही बायका खिदळलो. एजेही हसल्या आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांना ओल्या फडक्यानं पुसलं.

मी सोनुन. त्याच दवाखान्यात शेजारच्या खिडकीत आजारपणाचे दाखले देते. माझी खिडकी तूर्त कुणाच्या डोळ्यांवर आलेली नव्हती, नोंदणीची आली होती. जानिबेकोव्ह, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, एजेंना म्हणाले होते, “हे शिकून घ्या. शिकलात तर नव्या व्यवस्थेवर तुम्हीच बसाल.” एजेंच्या पेन्शनला अजून काही वर्षं होती. मुलगा आणि सून रशियात, तिथून पैसे कधी येत, कधी नुसता फोन येई. दोन नातवंडं एजेंच्या पगारावर शाळेत जात होती. म्हणून त्या शिकायला बसल्या, आणि अशा बसल्या की आम्हाला लाज वाटावी.

सुरुवातीला फार चुकायच्या. घरी सराव म्हणून पाहुणचाराचं चित्र काढलं आणि एका गोळ्यात लिहिलं, ‘बोरसोक तळणे’. बोरसोक म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवायचे आमचे तळलेल्या पिठाचे फुगीर तुकडे.

“तळणं ही तुमची खटपट झाली,” तिलेक म्हणाला. “पाहुण्याला काय हवंय? त्याचं पोट भरायला हवंय. गोळ्यात ते लिहा.”

“पाहुण्याला बोरसोकच हवे असतात रे! तू खाल्लेस कधी माझ्या हातचे?”

दुसऱ्या दिवशी त्या डबाभर घेऊन आल्या. तिलेक मॉस्कोत वाढलेला, आमच्या रीतीभाती त्याला टीव्हीवर बघितल्याइतक्याच ठाऊक. एजेंनी त्याच्यापुढे पियाला ठेवला तेव्हा तो म्हणाला, “काय एजे, अर्धाच? चहा पण मोजून देता?”

“अर्धा दिला की परत मागशील. परत मागशील म्हणजे थोडा वेळ बसशील. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, पी आणि ऊठ. सासुरवाडीला जाशील ना, तिथं लक्षात ठेव, नाहीतर लग्नाआधीच हाकलतील.”

तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला. मला तो पोरगा आवडायचा. पुढं जे झालं त्यात त्याचा दोष होता असंही मला म्हणता येत नाही, आणि तेच जास्त झोंबतं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं एक कसोटी शिकवली. चित्रातल्या प्रत्येक माणसापुढे उभं राहून विचारायचं, बाबा रे, तुला या व्यवस्थेकडून स्वतःसाठी काय हवंय? जो नुसता दुसऱ्याचं मागणं आत पोचवतो, त्याला चित्रातून काढायचं. एजेंनी मान डोलावली. त्यांना ती कसोटी फार पटली होती.

परीक्षा म्हणून सगळ्यांसमोर चित्र मांडायचं होतं. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले. एजे नवा रुमाल डोक्याला बांधून आल्या होत्या. त्यांनी रेघ न् रेघ सरळ काढली. पेशंट बाहेर, डॉक्टर बाहेर, नर्स बाहेर. ‘वेळ ठरवणे’, ‘तपासणीचा निकाल पाहणे’, सगळं जागच्या जागी. डाव्या कोपऱ्यात रुमालवाली एक आकृती होती.

“ही कोण?” तिलेकनं विचारलं.

“मी.”

“छान. मग लावा कसोटी.”

एजे त्या आकृतीसमोर उभ्या राहिल्या. ‘मला दिवसाचा अहवाल हवा असतो’ एवढं खोटं बोलल्या असत्या तरी निभावलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला काहीतरी! सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून खिडकीशी ताटकळणाऱ्या सुनांबद्दल तरी बोला. त्यांच्या नुसत्या खाणाखुणांवरून तुम्ही म्हाताऱ्याची फाईल काढून देता, ते सांगा. पण शिकलेलं इमानदारीनं करायचं, ही त्या बाईची खोड होती.

“मला स्वतःसाठी काही नकोय,” त्या सावकाश म्हणाल्या. “पेशंट सांगतो ते मी आत घालते. त्याच्या हातात फोन असेल तर तो स्वतःच घालेल.”

“मग?”

एजेंनी फडकं घेतलं आणि रुमालवाली पुसून टाकली.

टाळ्या पडल्या. तिलेक सगळ्यात जोरात वाजवत होता. शिष्य तयार झाल्याचा आनंद होता त्याला, दुसरं काही त्याच्या डोक्यातही नव्हतं. मोठे डॉक्टर उठून म्हणाले, “ऐकलंत ना सगळ्यांनी? एजे स्वतःच म्हणाल्या.” हे वाक्य त्यांनी नंतर वरच्या कचेरीत, युनियनसमोर आणि माझ्यासमोरही वापरलं. एजे स्वतःच म्हणाल्या! नव्या व्यवस्थेवर बसायला तिथं खुर्चीच उरली नव्हती.

एजेंच्या निरोपाच्या दिवशी दवाखान्यातल्या चहाच्या खोलीत दस्तरखान, म्हणजे खाण्यापिण्याची चादर, अंथरलं. इतकी वर्षं एजे दाराजवळ बसून सगळ्यांना चहा ओतत आल्या होत्या. आजही तिथंच बसायला गेल्या.

“छे, छे! आज तुम्ही पाहुण्या,” म्हणत मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि मानाच्या जागी बसवलं. स्वतःच्या हातानं त्यांच्यासाठी चहा ओतायला घेतला. दुसऱ्या हातात फोन होता, वरच्या कचेरीतल्या कुणाशी तरी नोंदणीचं नवं यंत्र कुठं बसवायचं ते बोलत होते. ओतत राहिले. चहा अर्ध्यावर आला, वर चढला, काठाला टेकला. डॉक्टर नारिनकडच्या खेड्यात वाढलेले, त्यांना रीत ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही.

“एजे, तो ठेवा, मी दुसरा…” तिलेक अर्धवट उठला. त्याला आठवलं होतं.

“बस बेटा,” एजे म्हणाल्या.

त्यांनी भरलेला पियाला दोन्ही हातांनी उचलला. चहा कढत होता, तरी थेंब न सांडता शेवटपर्यंत प्यायल्या. पियाला पालथा घातला, खाणंपिणं आटोपून उठताना करतात तसे चेहऱ्यावरून दोन्ही तळवे फिरवले आणि बसलेल्या लोकांच्या पाठीमागून, भिंतीला हात लावत, दाराकडे निघाल्या.