उभ्यानं वाजत नाई

"मी का बैल हाओ, पायाले दावं बांधून राह्यली?" शफी मास्तरनं पाय झटकला.

"बैल बरा, अब्बा! खुट्याले बांधला का उभा तरी राह्यते," फलक म्हणाली.

बापलेकीचं हे भांडण माझ्याच वावरात, कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर, चाललं होतं. मी खुशालराव. शेती माझी, आणि गेली बावीस वर्षं शफी मास्तरच्या बँडमधला ढोल माझ्या गळ्यात. अंजनगाव सुर्जीच्या चारी दिशांना एके काळी आमच्या बँडशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. मग डीजे आला. यंदाच्या सीझनला आम्हाला चार लग्नं मिळाली, त्यातलं एक मास्तरच्या पुतणीचं.

अकोल्याला मास्तरच्या धाकट्या भावाचं, शाकीबचं, कापडाचं दुकान आहे. तो रोज फोन करायचा, "भाई, आता फुंकणं पुरे, गल्ल्यावर बस." मास्तर टाळत होता. तेवढ्यात फलकनं कुणाला न विचारता पोर्तुगालातल्या एका जगभरच्या गाण्यांच्या स्पर्धेला आमच्या वरातीचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि पहिल्या फेरीत आम्ही पास झालो! दुसरी फेरी फोनवर, व्हिडिओ कॉलनं समोरासमोर. तीन मिनिटं, फोन एका जागी उभा, त्याला हात लावायचा नाही. मास्तरनं भावाला सांगून टाकलं, "इथं नापास झालो का सोमवारी येतो."

त्या काउंटरमागं मास्तर सहा महिने टिकला नसता. हे फलकला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खुद्द मास्तरलाही माहीत होतं.

पण आमचं घोडं अडलं ते पायांत. बँडच्या सातही जणांनी जन्मभर चालत वाजवलेलं. एका जागी उभं राहून वाजवा म्हटलं की ताल चुकायचा, आणि ताल सापडला की पाय निघायचे. मिनिटभरात फोनसमोर कुणीच नसायचं. गाणं गंगूबाईचं, आमच्याकडं निंदायला येणाऱ्या बाईचं. तिचीही तीच गत. निंदताना ओळीनं पुढं सरकत गाणारी बाई, उभी केली की तिला पुढचा शब्दच आठवेना.

शेवटी तोडगा तिनंच काढला. "भाऊ, त्या वावराच्या खालच्या पट्टीत पानी सोडा. काया मातीत पोटरीपर्यंत रुतले का कोन हालते? मांगच्या साली माही म्हैस दोन घंटे उभी होती तिथं."

"म्हशीनं गानं म्हटलं होतं का?" मास्तरनं विचारलं. पण दुसरा उपाय नव्हता.

मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही लाल कोट घालून चिखलात उतरलो. आभाळ भरलेलं, वारा नाही, अंगाला नुसत्या घामाच्या धारा. फोनच्या काचेत एक टकलू परीक्षक आणि एक पांढऱ्या केसांची बाई. फलकनं हात खाली केला.

"काया माह्या वावरात पाय माहा रुतला वं,
मायेराच्या वाटंवर जीव माहा सुटला वं..."

सूर बरोबर, ताल बरोबर, आणि गाण्यात काडीचा जीव नाही. मयताच्या घरी बसायला आल्यासारखे वाजवत होतो. टकलूनं जांभई दिली. ती मास्तरनं पाहिली. त्याचा चेहरा असा उतरला की मला ढोल फेकून द्यावासा वाटला.

तेवढ्यात त्यानं एक पाय उपसला. बूट चिखलातच राहिला. दुसरा उपसला, आणि क्लॅरिनेट आभाळाकडं करून मास्तर चालू लागला. मला विचार करायला वेळच मिळाला नाही, माझे पाय केव्हाच निघाले होते. मागून सगळे.

"अब्बा! कुठी चालले?" फलक किंचाळली.

आम्ही मारोतीकडं चाललो होतो. आमच्याकडं वरात मारोतीपर्यंत जाते, वळसा घेते आणि मग मांडवात येते. माझ्या वावराच्या टोकाला शेंदूर लावलेला मारोती आहे. मास्तर मुसलमान खरा, पण या तालुक्यातल्या प्रत्येक मारोतीचं वळण त्याच्या पायांना पाठ. गंगूबाईचा गळा तिथं असा मोकळा झाला की आजूबाजूच्या वावरातल्या बाया उभ्या राहिल्या. वळसा घालून आम्ही दुसऱ्या अंगानं परतलो. फोनसमोर गंगूबाई आली, मास्तर आला, आणि मी दिसायच्या आत तीन मिनिटं संपली. परतताना जगानं माझा ढोल ऐकला, तोंड पाहिलं नाही.

काच काळी झाली होती. फलक खाली बसली. "दोन मिनिटं नुसता चिखल दिसून राह्यला होता, अब्बा. चिखल अन् बूट."

"पेटी आन," मास्तर म्हणाला. त्यानं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं.

पुढचे दिवस कुणाचंच कामात चित्त नव्हतं. मी कपाशीच्या एकाच ओळीत तण काढायचा डवरा दोनदा फिरवला. मास्तर तर दिवसभर गावभर फिरायचा. रविवारी दुपारी फलक धापा टाकत वावरात आली.

"घेतलं! आपल्याले फायनलले घेतलं! ते म्हन्तेत, रिकामं वावर दाखवून गानं दूर न्यायचं अन् वापस आनायचं, असा धाडसी इचार आमी पाह्यलाच नाई."

"इचार?" गंगूबाई विळा टाकून हसत सुटली. "कोनाचा वं?"

मास्तर हसला नाही. "अजून काय म्हन्तेत?"

"तिथी स्टेजवर तसंच्या तसं करा म्हन्तेत."

"तसंच्या तसं कसं होईन, बेटा? त्या दिवशी मी भेलो होतो." बावीस वर्षांत मास्तरला भ्यायलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं ते कबूल केलेलं तर मुळीच नाही.

शाकीबचा फोन आला. मास्तरनं नाक पुसलं आणि फोन कानाला लावला.

"हां, शाकीब. नाई, उद्या नाई येत. परवाही नाई... काहून म्हन्जे? अरे, मले तीन मिनिटं एका जागी उभं राहता येत नाई, तुह्या दुकानात काय करू?"

बोलता बोलता तो धुऱ्यानं पार निघून गेला. फलक डोळे पुसत त्याच्या मागं धावली, आणि मी घरी ढोल आणायला निघालो.