दहापैकी चार

ऐका, सगळेच ऐका, कारण मी थकलेय आणि हे एकदाच सांगणार आहे. चेन्नईत मैलापूरला मी ज्यांच्या वरच्या खोलीत राहते ना, त्या भवानीअक्का, तंजावरकडच्या मराठी, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय त्यांनी. त्यांची कंबर नऊ वर्षं दुखतेय. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, आता त्यांना ऑपरेशनच हवंय, ते पाठीचे दोन मणके स्क्रू घालून जोडून टाकतात ते. तर अण्णा नगरचे डॉक्टर म्हणाले, आधी तीन महिने व्यायाम करा आणि रोज वहीत लिहा, दुखणं दहापैकी किती. मग ठरवू.

गेल्या आठवड्यात तीन महिने संपले. मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. बसमध्ये सीट मिळाली तरी त्या उभ्याच, कारण बसलं की उठता येत नाही. डॉक्टरांनी वही उघडली. चार, चार, साडेतीन, चार. म्हणाले, "अम्मा, हे तर छान चाललंय. ऑपरेशन कशाला?"

मग मीच म्हटलं, "डॉक्टर, ह्यांना सकाळी अंथरुणातून उठायला वीस मिनिटं लागतात, भिंत धरून."

"मग चार का लिहिलंत?"

"दहा मी कोणास देत नाही," अक्का म्हणाल्या. "पस्तीस वर्षांत एका मुलास नऊ दिले. तेही मागून वाटलं, जास्त झाले."

मला हसू आलं, डॉक्टरांना नाही आलं. "दहा म्हणजे काय, अम्मा?"

"दहा म्हणजे मेलं."

"आणि चार?"

"रडू येतं, पण लोकांसमोर नाही."

डॉक्टरांनी वही मिटली. म्हणाले, ही वही काही कामाची नाही. आणि खरं सांगू, मणके नीट जुळतात, तरी कितीतरी जणांचं दुखणं तसंच राहतं. तुमच्या एमआरआयमध्ये अमुकच जागा दुखतेय असं दिसत नाही. खरा हिशोब हवा. आणखी तीन महिने लिहा.

"पोदुम," अक्का म्हणाल्या. पुरे. "आणखी तीन महिने कोणाच्या अंगाने काढू मी?"

मग त्यांनी वही माझ्या मांडीवर टाकली. आता रोज ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी मी विचारते, उठायला किती वेळ लागला, भात टाकेपर्यंत उभं राहवलं का, दुपारी झोप लागली का. आणि आकडा मी लिहिते. काल सात लिहिले. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "फार सैल हात तुझा," म्हणाल्या, पण खोडलं नाही.

आज त्या जेवायला उठल्याच नाहीत. आठ वाटतायत मला. पण असे आठ-आठ लिहीत गेले तर त्यांची पाठ उघडतील, आणि उघडूनही दुखतच राहिलं तर? इथे तुमच्याकडे येताना वही बॅगेत टाकून आणलीय. आजचा रकाना अजून कोराच आहे.