राखाडी ठिपका

"आहात का?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"आहे!" परिशिष्टराव खेकसले आणि संगणकाकडे वळून पाहतात तो पडद्यावरची सगळी समिती त्यांच्याकडेच पाहत होती.

"तुम्ही आहात हे आम्हाला दिसतंय," अध्यक्ष म्हणाले. "माइक बंद केलात तर ऐकूही येणार नाही."

परिशिष्टराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते समितीने ठेवलं होतं. लांबलांबच्या कचेऱ्यांमधल्या संगणकांच्या जाळ्यांवर एका जागी बसून नजर कशी ठेवावी, त्यासाठी तिथे बसवलेल्या पाळतीच्या छोट्या डब्यांनी काय कळवावं आणि कधी कळवावं, याचे नियम ही समिती करत असे. नियम सगळ्या कंपन्यांना सारखे लागू व्हायचे असल्याने काम सावकाश चाले. इतकं सावकाश, की ज्या यंत्रांसाठी ते सुरू झालं त्यांतली काही आता संग्रहालयात होती. मसुदा लिहिण्याचं काम परिशिष्टरावांकडे. त्यांची जी सूचना नाकारायला कुणाला तोंड नसे आणि स्वीकारायची कुणाला इच्छा नसे, ती मागे परिशिष्टात जाई. परिशिष्टातलं पाळलं तर उत्तम, न पाळलं तर त्याहून उत्तम, अशी कंपन्यांची समजूत होती.

आजची बैठक शेवटची. यानंतर नियम छापायला जाणार आणि परिशिष्टराव निवृत्त होणार. त्यांना नियमांच्या मुख्य भागात आपलं एकच कलम हवं होतं: ओ देण्याचं.

आतापर्यंत डबी फक्त बिघाड झाला की बोलायची. ती गप्प असली की इकडे पडद्यावर हिरवा दिवा. एकदा एका गोदामाला आग लागली. गोदामाबरोबर डबीचाही कोळसा झाला आणि पडद्यावर तिच्या नावापुढचा हिरवा दिवा पुढे कित्येक दिवस डौलात तेवत राहिला. जळालेली डबी तक्रार कुठून करणार? म्हणून परिशिष्टरावांचं म्हणणं असं, की प्रत्येक डबीने थोड्या थोड्या वेळाने आपणहून 'आहे' म्हणावं. नाही म्हणाली, तर दिवा हिरवाही नको, लालही नको. राखाडी हवा. म्हणजे, माहीत नाही.

"राखाडी दिवा बघून गिऱ्हाईक घाबरतं हो," डब्या बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी दर बैठकीत म्हणे. "हिरवा दिसला की शांत झोपतं."

"गोदाम जळत होतं तेव्हाही ते शांत झोपलंच होतं!" परिशिष्टराव दर बैठकीत ओरडत.

घरी मात्र या तत्त्वाने त्यांना वीट आणला होता. मागे ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. आतून आवाज नाही म्हणजे निवांत दाढी चालली असेल, असं समजून बायको बाहेर भाजी निवडत बसली होती. तेव्हापासून ती घरात कुठूनही दर थोड्या वेळाने विचारी, "आहात का?" जगातल्या यच्चयावत डब्यांनी ओ दिलीच पाहिजे म्हणणारा हा माणूस स्वतः ओ देताना दरवेळी करवादत असे.

समितीत मतदान नव्हतं. अध्यक्ष कलम वाचत आणि पाण्याचा पेला तोंडाला लावत. पेला खाली येईपर्यंत कुणी बोललं नाही, की कलम मान्य. साध्या कलमांना ते घोट घोट पीत. वादाच्या कलमाला गटकन.

आज अध्यक्षांनी कंपनीचा मजकूर वाचला: डबी गप्प असल्यास दिवा हिरवा ठेवता येईल. वाचून त्यांनी पेला उचलला. परिशिष्टरावांनी संतापून पाय आपटला आणि बोलायला सुरुवात केली.

ते अप्रतिम बोलले. गोदाम सांगितलं, कोळसा सांगितला, माहीत नसणं कबूल करायला लाज कसली ते सांगितलं. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. प्रतिनिधी टक लावून ऐकत होता. विद्यापीठातल्या बाई गालावर बोट ठेवून स्तब्ध. इतक्या वर्षांत समितीने त्यांना असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. बोलणं संपल्यावर परिशिष्टराव थांबले. शांतता पसरली. पटलं वाटतं, या विचाराने त्यांचे डोळे पाणावले.

बायको चहा घेऊन आली. "अहो, या गृहस्थांनी पेला केव्हाचा तोंडाशी धरलाय? ठसका लागेल ना."

परिशिष्टरावांनी टेबलाखाली पाहिलं. पाय आपटला तिथे इंटरनेटची तार निघून पडली होती.

तार जोडून ते परत आले तोवर समिती दोन कलमं पुढे गेली होती.

"मी नव्हतो इथे!"

"होतात की," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका होता."

बैठकीची ही सोय कंपनीनेच समितीला भेट दिली होती.

"मी यांना म्हटलंसुद्धा," बाई कौतुकाने म्हणाल्या, "आज किती समजूतदारपणे गप्प बसलेत."

"अहो, हेच तर! हेच तर ते कलम!"

कुणीतरी खाकरलं. अध्यक्ष मायेने म्हणाले, "उघडू या ना पुन्हा. फक्त, मान्य झालेलं कलम मान्य करणाऱ्यांपैकीच कुणाला तरी उघडता येतं. नियम तुम्हीच लिहिलाय. तेव्हा आपण हजर होतो आणि गप्प राहून होकार दिला, एवढं म्हणा. पुढचं मी बघतो."

परिशिष्टरावांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं तर काम होतं. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

"म्हणजे मी गप्प होतो म्हणून माझं सगळं ठीक होतं, असं मीच म्हणायचं?"

"कागदोपत्री."

"नाही जमायचं. मी नव्हतो."

"मग गैरहजर लिहू?" बाईंनी विचारलं.

"तेही तुम्हाला कुठे माहीत होतं? माहीत नव्हतं, असं लिहा."

"हजेरीला दोनच रकाने आहेत."

"तिसरा आखा."

"आखा हो," प्रतिनिधी म्हणाला. जिंकल्यामुळे तो उदार झाला होता. "आमचं काय जातंय?"

अध्यक्षांनी पेला उचलला, घोट घोट पाणी पिऊन खाली ठेवला. कुणी बोललं नाही. परिशिष्टरावांची सूचना पहिल्यांदाच जशीच्या तशी मान्य झाली. जगातला पहिला अधिकृत राखाडी ठिपका त्यांच्या स्वतःच्या नावापुढे लागला. ओ देण्याचं कलम मात्र परिशिष्टात गेलं.

त्यांनी संगणक बंद केला. चहा गार झाला होता. घर गप्प होतं. हाक यायची वेळ टळून गेली, असं त्यांना उगीचच वाटलं.

"अगं?"

उत्तर नाही. ते लगबगीने उठले. पायात तार अडकली, ती तशीच ओढत स्वयंपाकघराच्या दारात पोचले. बायको पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. नळ मोठा सोडलेला.

"आहेस का?"

"आहे," ती मागे न बघता म्हणाली. "जातेय कुठे? झालं का तुमचं कलम?"

"मागे गेलं."

तिने नळ बारीक केला. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. ती भांडी घासत राहिली. थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, परिशिष्टराव म्हणाले,

"आहे."