जिभेवरचं गोंदण

"अम्मा, जीभ बाहर निकालो. डरो नक्को," असं म्हणत प्रियदर्शिनीनं कुसुमताईंच्या हातात आरसा दिला. ऑपरेशननंतर पुन्हा बोलायला शिकवणारी ही तेलुगू पोरगी मोठी गोड, पण मागे लागली की पिच्छा सोडत नसे. मिशरीपायी कुसुमताईंची अर्धी जीभ कॅन्सरनं गेली होती. डॉक्टरांनी हाताची कातडी लावून ती पुरी केली होती. आता हलवली नाही तर जीभ आखडेल आणि बोलणं कायमचं जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

कुसुमताईंनी जीभ काढली आणि आरसा जवळ ओढला. जिभेवर हिरवी अक्षरं होती. आरशात उलटी दिसली, तरी त्यांनी ओळखली. लग्नानंतर सासूनं जत्रेत डाव्या हातावर गोंदवून घेतलेलं नवऱ्याचं नाव! हाताची पट्टी अजून सुटली नव्हती. कातडी नेमकी कुठली घेणार, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलायचं ते मुलानं, अशी घरची रीत.

दारात उभ्या सारंगनं मान खाली घातली. "डॉक्टर मला विचारले होते, आई. मी हौ म्हटलो. तुला सांगितलो असतो तर तू ऑपरेशनच करू दिली नसतीस."

खरंच दिलं नसतं. उभ्या जन्मात जे नाव तोंडातून काढलं नाही, ते तोंडातच शिवून ठेवलंय! उद्या घास गिळायचा तोही त्याच्यावरून. रोज नवऱ्याचं नाव उष्टं करायचं? संताप, लाज, भीती, सगळं एकदम दाटून आलं. प्रियदर्शिनीनं किती विनवलं, पण बाई तोंड उघडेनात.

शेवटी सारंगनं बाहेर बसलेल्या वडिलांना आत आणलं. कुसुमताईंनी रागारागानं त्यांच्यापुढं जीभ काढली. हिम्मतराव वाकले, चष्मा सावरून बघत राहिले.

"नाव जाऊ दे चुलीत," ते कसेबसे म्हणाले. "तू बोल बाई. मलकपेठच्या घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही."

डोळे पुसायला ते खिडकीकडं वळले. त्यांची हलणारी पाठ बघून कुसुमताईंना राहवलं नाही.

"हि... म्म... अ... राव."

चाळीस वर्षं नुसतं 'अहो' ऐकलेले हिम्मतराव दचकले आणि कोण हाक मारतंय म्हणून दाराकडं बघू लागले.