छताला आलेलं पोट

वरठीच्या हिरालालचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. या धंद्याचं एकच तत्त्व आहे: जे वाईट दिसतं, त्याच्यासमोर कपडा बांधायचा. मोडकं कुंपण, पडका गोठा, उकिरडा, आणि एकदा तर भर लग्नात झोपलेला नवरदेवाचा मामा, हे सगळं हिरालालनं आजवर झालरीमागे घातलं होतं. कोणाची तक्रार आली नव्हती. मामाचीही नाही.

त्यामुळे त्याच्या स्वतःच्या घरात, मधल्या खोलीच्या छताचं प्लास्टर वरणाच्या भांड्यात पडलं तेव्हा त्यानं काय केलं असेल, हे सुज्ञ नागरिकांनी ओळखलंच असेल.

तसं ते काही एका दिवसात झालं नव्हतं. आधी छतावर ताटाएवढा ओला डाग होता. मग त्या डागातून एक तांबूस रेघ निघाली, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. हिरालालनं तिच्यावर चुना मारला. चुन्यातून रेघ पुन्हा बाहेर आली.

"लग्नसराई संपली की पाहू," हिरालाल उन्हाळ्यात म्हणाला.

"पाऊस संपला की पाहू," पावसाळ्यात म्हणाला.

"धान निघालं की पाहू," दिवाळीत म्हणाला.

"आपल्याकडं धान हाय कुठं?" त्याची बायको सरिता म्हणाली.

"लोकांचं तर निघन ना."

सरिता थकली होती. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर खोलीतली रेती झाडण्यात जात होता. असं करता करता पुन्हा पावसाळा आला, वरणात प्लास्टर पडलं, आणि हिरालालनं गोदामातून गुलाबी कपडा आणून छताखाली ताणून बांधला. सोनेरी झालरीसकट.

खोली अशी सुंदर दिसू लागली की शेजारचा मनिष नुसता बघायला आला आणि बसूनच राहिला.

या खोलीत हिरालालच्या आईची, सुमनबाईची खाट होती. म्हातारीचे गुडघे गेलेले. कोणी धरल्याशिवाय तिला उठता येत नसे. दिवसभर उताणं पडून छताकडे पाहणं हेच तिचं काम, आणि ते ती मन लावून करी. घरात छताकडे पाहणारी ती एकटीच होती.

कपड्यामागे ठप्पकन काही पडलं की ती तिथूनच कळवायची, "आलं एक."

"काही नाही माय, पाल होय."

"पाल असन तर चांगली खाऊन-पिऊन हाय बाप्पा."

हळूहळू कपड्याला पोट आलं. हिरालालनं त्यावरही इलाज केला. पोटाच्या भोवती चुण्या घालून त्याचं मोठं फूल केलं. आता तर मनिषनं विचारलं, असं फूल आमच्याकडे होईल का?

"कवेलूचं घर होतं," सुमनबाई एकदा म्हणाली, "तवा तुहा बाप दर उन्हाळ्यात वर चढे. एकएक कवेलू उचलून पाहे. फुटकं काढे, नवं ठेवे. स्लॅब टाकला आन या घरात कोणाची मानच वर नाही गेली."

"स्लॅबले काय होते माय? सिमेंट हाय ते."

"मंग वरतून पडून रायले ते काय मुरमुरे होय?"

हिरालाल फुलाची एक चुणी नीट करत राहिला.

"कपड्यानं लग्न होते बाबू, घर नाही होत," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा वर पाहू लागली. तिची नजर दुसरीकडे वळतच नव्हती.

याच दिवसांत मधल्या खोलीचं दार लागेनासं झालं. हिरालालनं सुतार बोलावून दाराच्या वरच्या कडेला रंधा मारून घेतला. दार लागलं. थोड्याच दिवसांत पुन्हा अडलं.

"पाण्यानं दार फुगलं," हिरालाल म्हणाला.

"खालून काहून नाही फुगत मंग? वरतूनच काहून?" सरितानं विचारलं.

"काही दारं वरतूनच फुगतात," हिरालाल म्हणाला. या विषयावर घरात पुढे चर्चा झाली नाही.

एका सकाळी जवळच्या गावातून सेवकरामभाऊंचा फोन आला. ते तिथल्या बुद्धविहार समितीचे सचिव. वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं, बायाबापड्या रोज सभागृहात जमत. सभागृहाचं छत जरा खराब दिसतं, म्हणाले, येऊन कपडा बांधून द्या.

हिरालाल गेला. धंद्याच्या सवयीप्रमाणे त्यानं मान वर केली. छताला सरळ तांबूस रेघा होत्या. एका ठिकाणी प्लास्टर गळून आतला गज दिसत होता, फुगलेला, गंजानं पापुद्रे सुटलेला. त्यानं दारातच उभं राहून हातातल्या लांब बांबूनं छत ठोकलं. पोकळ आवाज आला.

"सेवकरामभाऊ, मी इथं नाही बांधत," तो म्हणाला. "इथं कोणाले बसवूबी नका. कुलूप लावा याले."

"अरे, दोन तासाचा तर कार्यक्रम असते."

"छताले तुमचा टाइम कोण सांगन? गज सडला, भाऊ. कपडा बांधला तर पडून रायलं तेबी दिसणार नाही. खाली म्हाताऱ्या बाया बसतात. पयले टेकू लावा, कोणी जाणकार आणा, मंग माझ्याशी बोला."

सेवकरामभाऊ गोंधळले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सरळ मनानं विचारलं, "पण हिरालालभाऊ, मी तुमच्याच घरी पाहून आलो ना. मधल्या खोलीत चहा पिलो. माय खाली झोपून होती. म्हटलं, असंच आपल्याकडंबी करू. मधात ते फूल पाहिजे बा, तेवढं."

हिरालाल बांबू तिथेच सोडून मोटरसायकलकडे निघाला.

घरी पोचताच त्यानं सरिताला हाक मारली आणि दोघांनी खाट म्हातारीसकट उचलली.

"कुठं नेऊन रायले मले?" सुमनबाईनं विचारलं. "पाहुणे येऊन रायले का?"

"नाही माय. छत येऊन रायलं!"

अंगणात ताडपत्रीखाली आईला ठेवून तो परत आला. खोलीत पाऊल न टाकता, दारातूनच, बांबूला विळा बांधून त्यानं कपड्याच्या एका कोपऱ्याची दोरी कापली. फूल उमललं. पाट्यावरवंट्याएवढे तुकडे धडाधड खाली आले. सगळ्यात मोठा तिथे पडला, जिथे आईची उशी असायची. वर काळे-तांबडे गज उघडे पडले होते, आणि छत मधोमध खाटेच्या सुतळीसारखं झोळलेलं होतं.

सरितानं आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे.

"दार नव्हतं फुगलं," ती म्हणाली. "छत खाली आलं होतं. आपण दार कापून कापून त्याले जागा देऊन रायलो होतो."

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून इंजिनियर बाई आल्या. लोखंडी टेकू लागले. छत तोडून नवं घालावं लागेल, म्हणाल्या. "नुसती ओल असती तर पाऊस उघडेपर्यंत धकलं असतं. पण गज दिसला, छत झोळलं, दार अडलं, की मुहूर्त पाहायचा नसतो. त्याच दिवशी माणसं बाहेर काढायची."

काम होईस्तोवर हिरालालचं कुटुंब अंगणात स्वतःच्याच मंडपात राहिलं. येणारे-जाणारे विचारत, "कोणाचं लग्न?" हिरालाल म्हणे, "छताचं." एक जण जेवूनही गेला. सेवकरामभाऊंनी सभागृहाला कुलूप लावलं आणि वाचन बाहेर मैदानात, हिरालालच्याच दुसऱ्या मंडपात, पूर्ण झालं.

तेव्हा नागरिकहो, आपलं छत एकदम पडत नाही. ते आधी डागानं सांगतं, मग रेघेनं, मग वरणात तुकडा टाकून सांगतं, मग दार अडवून सांगतं. इतक्या वेळा तर आपले नातेवाईकही सांगत नाहीत. आपण चुना मारतो, कपडा बांधतो, नाहीतर शेजाऱ्याचं धान निघायची वाट पाहतो. वर्षातून एकदा मान वर करावी. आणि गज दिसला तर त्याखालून आधी आपलं माणूस उचलावं, कारणं नंतर शोधावीत.

नवं छत तयार झालं. खाट पुन्हा मधल्या खोलीत आली. हिरालाल धुतलेला गुलाबी कपडा घेऊन दारात उभा राहिला. सवय, दुसरं काय.

"नको बांधू," सुमनबाई म्हणाली. "मले पाहू दे."

तो थांबला. "काय दिसते माय?"

म्हातारीनं बराच वेळ वर पाहिलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि कुशीवर वळून झोपी गेली.